टोपी सोडून झडती

दोन हजार बावीस साल. मला अडुसष्टावं लागलेलं, आणि त्या माणसाला सत्तर पुरी झालेली. पिंपळगावच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसच्या फाटकात त्यानं मला सांगितलं, "हात वर करा."

मी जन्मात कुणापुढे हात वर केले नव्हते. चौथीत मास्तरांनी एकदा सगळ्या वर्गापुढे हात वर करून उभं राहायला सांगितलं, तर दप्तर तिथंच ठेवून घरी आलो आणि परत गेलो नाही. शाळा माझी तेवढीच.

"कशाला?" मी म्हणालो.

"झडती."

"मी माल चाखायला आलोय. मालकानं बोलावलंय. मला तपासणारे तुम्ही कोण?"

"गेटवाला," तो म्हणाला. आवाज अगदी थंड. "आत जाताना पिन, टाचणी, तंबाखू, पुडी चालत नाही. माल परदेशी जातो. बाहेर येताना परत बघणार. मालकाची पण घेतो. हात वर."

मागं पॅकिंगच्या बायांची रांग खोळंबली होती. त्यातली एक म्हणाली, "करा की हो आबा! उन्हात उभं केलंय आमाला. काय सोनं हाय का खिशात?"

मी केले हात वर. त्यानं दोन बोटांनी माझी बंडी चाचपली, कापडाचा पोत बघावा तशी. दोन्ही खिसे, सदऱ्याचा खिसा, कंबर. मग माझ्या टोपीकडे बघितलं आणि एक पाऊल मागं सरकला. "टोपीला मी हात लावत नाही. ती ज्याची त्यानं सांभाळावी."

आणि मग पाठमोरा होऊन त्यानं स्वतःच दोन्ही हात वर केले. "आता माझी घ्या."

मला वाटलं, येडं दिसतंय.

त्या माणसाचं नाव मी लिहीत नाही. सगळे नाना म्हणायचे, मीही नानाच म्हणतो. नाशिक रोडला प्रेसमध्ये तीस-बत्तीस वर्षं काढून रिटायर झालेला माणूस. तिथं नोटा छापतात. कामावरून सुटलं की झडती झाल्याशिवाय कुणाला बाहेर पडता येत नाही, साहेब असो की झाडूवाला. नाना म्हणायचे, "पहिले सहा महिने राग आला. मग सवय झाली. मग रिटायर झालो आणि घरी बसलो, तर चुकल्यासारखं व्हायला लागलं. संध्याकाळ व्हायची आणि कुणी हातच लावायचं नाही अंगाला. घरातून बाहेर पडलो की वाटायचं, आपण काहीतरी घेऊन निघालोय."

एक वर्ष बसले आणि गावाकडे येऊन स्वतःहून गेटचं काम मागून घेतलं. मालकाला वाटलं, वॉचमन मिळाला. बायांची झडती त्यांच्यातलीच एक घ्यायची, पुरुषांची नाना. संध्याकाळी सगळे गेले की जो शेवटचा राहील त्याच्यापुढे नाना स्वतः हात वर करून उभे. बहुतेक वेळा तो शेवटचा मीच असायचो.

त्यांच्या शर्टपँटला मिळून खिसा एकच. बाकीचे बायकोकडून शिवून बंद करून घेतलेले. "एका माणसाला एक खिसा बास," म्हणायचे. डबा उघडला की झाकण बाजूला ठेवून सगळ्यांना दाखवणार, "बघा, भाकरी, मेथी, ठेचा." कुणी विचारलेलं नसायचं. चहा बिनसाखरेचा. पण दुसऱ्याचा साखरेचा कप हातात घेऊन नाकाजवळ धरायचे, डोळे मिटायचे आणि परत द्यायचे. "वासाला शुगर नाही."

शुगर त्यांना वीस वर्षांपासून. आणि गोडाची ओढ त्याच्याही आधीपासून. लोक आपल्या रोगाबद्दल बोलतात, ओढीबद्दल बोलत नाहीत. नाना बोलायचे, सरळ, हवापाण्यावर बोलावं तसं. "बायकोनं साखरेचा डबा कुलपात घातला, भाऊ. मी गूळ आणला. गूळ फेकला, लिमलेटच्या गोळ्या आणल्या. त्या सापडल्या, तर देवळात जाऊन दोनदा प्रसाद घेतला, एकदा माझा आणि एकदा घरच्यांचा म्हणून. खोकला नसताना खोकल्याचं औषध प्यायलोय मी. अर्धी बाटली. ते गोड असतं ना."

मी हसलो होतो. हसताना घरी आपल्या गादीखाली गूळ आहे हे मला माहीत होतं.

माझंही सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा धंदा जिभेचा. बाग काढायला आली की नाही ते मी चाखून सांगायचो. व्यापारी मला घेऊन बागेत जायचे. घडाच्या खांद्याचा मणी घ्यायचा नसतो, तो आधी गोड होतो. शेंड्याचा घ्यायचा. शेंडा गोड तर घड गोड. आता सगळे छोटं मीटर आणतात, काचेवर रसाचा थेंब टाकतात आणि डोळा लावून आकडा सांगतात. मी मणी दाताखाली फोडून आकडा सांगायचो आणि मीटरवाले साहेब नंतर बघून गप बसायचे. या जिभेचा मला फार माज होता. अजून थोडा आहे.

एका बागेत चाळीस-पन्नास वेलींचे मणी चाखायचे. दिवसात चार बागा. दुपारनंतर पॅकहाऊसला आलेला माल. आणि मला शुगर निघून तोवर नऊ वर्षं झाली होती. साखरेचा चहा सोडला, भात सोडला, जांभळाच्या बियांची पूड खाल्ली, कारल्याचा रस प्यालो. शुगर काही हलेना. डॉक्टरांशी भांडलो. म्हणालो, तुमचं मशीन बिघडलंय. दोन डॉक्टर बदलले. द्राक्षांचं मात्र कधी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ते खाणं आहे असं माझ्या डोक्यातच नव्हतं. सुताराच्या नाकात भुसा जातो, म्हणून तो जेवलो म्हणतो का? तसं ते. कामाचं.

त्या जानेवारीत एका बागेत छाटलेल्या काडीचा खुंट उजव्या पायाच्या अंगठ्यात घुसला. एवढंसं भोक. भरेना. फेब्रुवारीत त्याच्या कडा काळ्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, "आबा, महिन्याभरात शुगर खाली आणा. नाहीतर अंगठा काढावा लागेल. आणि तो काढून भागलं नाही, तर पाय."

पाय गेला तर बाग गेली. वेलीपर्यंत जाता आलं नाही तर जीभ घेऊन काय करू? मी घरी कुणाला हे सांगितलं नाही. मुलाला डॉक्टरांनीच फोन करून सांगितलं.

हे मी नानांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पाय बघितलाच नाही. विचारलं, "मणी थुंकता का?"

"थुंकून गोडी कळत नाही."

"जिभेला कळते ना? मग पोटाला कशाला विचारता?"

"दुसऱ्याच्या बागेत थुंकू? शेतकरी काय म्हणेल? त्याच्या लक्ष्मीवर थुंकलो म्हणेल."

"रुमालात थुंका."

"हे काय जमायचं नाही," मी म्हणालो. मला राग आला होता. नऊ वर्षं डॉक्टरला जे सापडलं नाही, ते गेटवाल्यानं दोन बोटांत बाहेर काढलं म्हणून.

एकदा माझी लुना बंद होती, मुलगा मोटारसायकलवर घ्यायला येणार होता. नाना म्हणाले, चला, माझ्या घरी थांबा, तिथून तो नेईल. चालत गेलो. घर गल्लीच्या तोंडाला. नाना उंबऱ्याच्या बाहेर थांबले, बूट काढले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. समोरच्या ओट्यावर पोरंसोरं, बाया, सगळे बघतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतून त्यांच्या बायको आल्या, हाताला पीठ.

"आज पाव्हणं हायेत, ऱ्हाऊ द्या की," वहिनी म्हणाल्या.

"पाहुण्यांना माहीत आहे. घे."

वहिनींनी मनगटानंच त्यांचा एकुलता खिसा चाचपला, पिठाचा शिक्का उठला. मग कॉलर, मग मोज्यांच्या वरची कड. "या आत," म्हणाल्या. नाना हात खाली करून आत गेले, जसं काही पायच धुतले.

पाणी प्यायल्यावर मी विचारलं, "नाना, लाज नाही वाटत?"

"वाटते ना. लाज वाटते म्हणून तर दिवसभर खिसा रिकामा राहतो." मग म्हणाले, "मनाला विचारून बघितलं मी, भाऊ, वीस वर्षं. मन साक्षीला कामाचं नाही. घरचाच साक्षीदार तो. खिशाला विचारावं."

गोड त्यांनी पूर्ण सोडलंही नव्हतं. त्यांचा नियम वेगळाच. खायचं तर उजेडात, उभं राहून, चार माणसांत आणि सांगून. एका लग्नात पंगतीत बसलेले नाना ताडकन उठले, हातात अर्धी जिलेबी. "मंडळी, मी खातोय हो!" वाढपी बादली घेऊन थांबला. नानांनी ती अर्धी खाल्ली, पाणी प्यायले आणि खाली बसले. नवरदेवाचा मामा मला म्हणाला, "ह्यांना झालंय काय?" मी म्हणालो, "शुगर."

दुसरी जिलेबी कुणी तसं उठून मागेल का? तेच तर.

मार्चच्या सुरुवातीला मुलानं माझी गादी उलटली. मी बागेत असताना. पेपरात बांधलेला गूळ निघाला. संध्याकाळी तो समोर ठेवून म्हणाला, "आबा, हे काय?"

"माझं नाही ते."

"मग कुणाचं? उंदराचं?"

मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शुगरच्या गोळ्या मात्र रागारागात घेतल्या. दुपारी घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यापुढे अंधारी. ज्या सुनेनं गूळ उचलून नेला होता, तीच धावत आली आणि वाटीत साखरेचं पाणी करून पाजलं. मांडीवर माझं डोकं, आणि ती रडतेय, "एवढा हट्ट कुठं असतो का आबा!" मला तेव्हा त्या पाण्याची गोडीच लागली होती. खरं सांगतो. मरतोय असं वाटत होतं, आणि वाटत होतं, अजून एक वाटी दे.

हे मी नानांना रागानं सांगितलं. माझ्या घरात माझी झडती घेतली, म्हणालो, चोरासारखी.

नाना म्हणाले, "तुम्ही हात वर केले होते का?"

"मी घरी नव्हतोच!"

"मग ती झडती नाही. ती चोरी. मुलाचं चुकलं. हात आपले आपण वर करायचे असतात. आपण केले तर इज्जत जात नाही, दुसऱ्यानं करायला लावले तर जाते. प्रेसमध्ये मला हे कळायला सहा महिने लागले."

"मग तुम्ही मला पहिल्या दिवशी करायला लावले ते?"

नाना हसले. एवढं एकदाच त्यांना हसताना बघितलं. "ते माझं चुकलं," म्हणाले.

आता मी टोपीचं सांगतो. गादीखालची जागा गेली होती. खिसे रोज संध्याकाळी फाटकात तपासले जात. पॅकहाऊसच्या शेजारी एक शेड होती, तिथं घडातून गळालेल्या मण्यांचे बेदाणे करत. मी मालकाच्या ओळखीचा, मूठभर घेतले तर कोण बोलणार? सॅम्पल. टोपीच्या घडीत ते छान बसतात. टोपी मी सुनेला धुवायलाही देत नसे. म्हणायचो, कडक इस्त्री तुला जमत नाही. आणि नाना तर टोपीला हात लावत नव्हते. एका माणसानं दुसऱ्याच्या अब्रूला दिलेला मान, आणि मी त्यात बेदाणे भरले.

मार्च सरताना एका संध्याकाळी, सुटायच्या वेळेला, सगळ्या बाया रांगेत. ऊन अजून तापलेलं. घामानं टोपी ओली. मी हात वर केले, तशी बंडी वर चढली, बाही टोपीला घासली, टोपी कलली आणि घडीतून बेदाणे खाली. टप टप टप. सिमेंटवर. एक नानांच्या बुटावर पडला.

मग तीच ती, पहिल्या दिवशीची बाई म्हणाली, "आगं बया! आबांच्या टोपीला घड लागले!"

रांगच्या रांग हसली. पोटभर.

नाना हसले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, एक एक बेदाणा वेचला, माझ्या हातात दिला. "तुमचं पडलं," एवढंच. माझ्या टोपीला तेव्हासुद्धा हात लावला नाही, कललेली तशीच राहू दिली. मग पाठमोरे झाले आणि हात वर केले. "आता माझी घ्या."

मला वाटलं, हा माझी टिंगल करतोय. मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुम्हाला सरकारनं तीस वर्षं चोर समजून तपासलं, म्हणून तुम्हाला सगळी दुनिया चोर दिसते. मी चोर नाही."

नाना तसेच उभे. हात वर. मी त्यांची झडती न घेता निघून आलो. रस्त्यात बेदाणे खाल्ले. सगळे.

परत गेलो नाही तिकडे. एप्रिलमध्ये अंगठा काढला. डॉक्टरांनी ड्रेसिंग करताना सांगितलं, "आता पुढचं घोट्यापासून असेल. तुम्ही ठरवा." ते काही रागावून बोलले नाहीत. कंटाळून बोलले. त्या कंटाळ्याची मला भीती वाटली. भांडणाऱ्या माणसाला मी घाबरत नाही, पण आपल्याला सोडून दिलेल्या माणसाला घाबरतो.

घरीही आता कुणी काही म्हणेना. मुलगा यायचा, पाय बघायचा आणि जायचा. सून भाकरी ठेवायची. शेजारच्या पोराकडून मी वाण्याचे बेदाणे आणवायचो. आणि मीही थकलो होतो. नुसता आजारानं माणूस थकत नाही. लपवून थकतो. कुठं ठेवलं, कोण बघतंय, कधी एकटे असू, पाण्याच्या चुळेनं वास जाईल का, दिवसभर तेच. खाण्याला एक मिनिट लागतं, बाकी सगळा दिवस पहारा. त्यात गोडाची चव पण लागत नाही नीट. आणि तरी हात जातो.

मे महिन्यात एका संध्याकाळी नाना दारात. वहिनी रिक्षात बसलेल्या, मांडीवर पिशव्या. मुलगी त्यांना पुण्याला नेत होती. नानांच्या डोळ्यांत पडदे आले होते, डाव्यानं जवळजवळ दिसत नव्हतं. ते मला आधी माहीत नव्हतं. म्हणजे फाटकात ते दोन बोटांनी चाचपायचे ते उगीच नव्हतं.

मी खाटेवरून उठायला लागलो.

"बसा भाऊ. पायाचं कळलं."

"काय करणार. गेला अंगठा."

"साखर सोडली म्हणून गेलेलं परत येत नाही," नाना म्हणाले. "माझे डोळे पण आले नाहीत. पुढचं जायचं थांबतं, तेवढंच." मग चपला काढून उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. "त्या दिवसाची राहिली होती माझी. घ्या."

घरात मुलगा होता, सून होती, दोघं बघत राहिले. मी काठी टेकत गेलो. रडू येत होतं म्हणून ओरडलो, "काय येडेपणा हाय नाना, जायच्या वेळेला!"

"घ्या, रिक्षा थांबलीय."

मी त्यांच्या एकुलत्या खिशात दोन बोटं घातली. एक लिमलेटची गोळी निघाली. कागदासकट, नरम पडलेली.

मी बघतच राहिलो. "नाना? तुम्ही तर सोडली ना?"

"हो. रोज सोडतो. आज सकाळी दुकानात गेलो होतो, सुट्टे नव्हते म्हणून दुकानदारानं हातावर गोळी ठेवली. परत दिली नाही मी. खिशात टाकली. दिवसभर आहे." हात अजून वरच. "चोर सुटीवर जात नाही, भाऊ. म्हणून रोज घ्यायची. टाका ती गटारात."

मी टाकली. त्यांनी हात खाली केले, माझ्या टोपीकडे एकदा बघितलं, नुसतं बघितलं, आणि रिक्षात जाऊन बसले. पुढच्या वर्षी ते गेले. मला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलेलं. पण माझ्यासाठी ते त्या रिक्षातच बसलेले आहेत, वहिनी त्यांना म्हणतायत, "नीट बसा की, पडाल," आणि ते एका डोळ्यानं रस्ता बघतायत.

ती रिक्षा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, बंडी घातली, टोपी घातली आणि काठी टेकत दारात आलो. सून ओट्यावर भांडी घासत होती. मी हाक मारली.

"काय झालं आबा? पाय ठणकतोय का?"

"पाय बरा आहे. इकडं ये. झडती घे माझी."

"आँ?"

काठी भिंतीला लावली आणि दोन्ही हात वर केले. एका पायावर भार, जरा हेलकावलोच. ती धावत आली. "आबा, पडाल! काय चाललंय हे? मी कशी घेऊ तुमची..."

"घे म्हणतो ना. तुझ्या नवऱ्यानं गादी उलटली तेव्हा मी हात वर केले नव्हते. आज केलेत."

तिनं ओले हात पदराला पुसले. घाबरत घाबरत बंडीचा उजवा खिसा चाचपला, मग डावा. डाव्यातून चार बेदाणे निघाले, दोऱ्याच्या गुंत्यात चिकटलेले. तिनं ते तळहातावर घेतले आणि माझ्याकडे बघितलं. मुलगा आतून येऊन उभा राहिला होता.

"झालं आबा," ती हळूच म्हणाली. "करा हात खाली."

"झालं नाही," मी म्हणालो आणि तिच्यापुढे मान वाकवली. "टोपी राहिली."